बारांतले चार फेरे

वयनी,

काल तुझी तेरवी झाली. पाव्हणे जेवून आपापल्या गाडीला लागले, अंगणातल्या मांडवाचे बांबू सोडले, आणि मग भाऊ माझ्याशी बोलला. तू गेल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. तसा तू होतीस तेव्हाही तो फारसा बोलत नसे, पण त्याच्या वाटचं तूच बोलून टाकायचीस, म्हणून घरात कुणाला ते जाणवलं नाही. काल तो बोलला. आणि जी गोष्ट मी दहा वर्षं तुझ्यापासून लपवली असं समजत होतो, ती तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, हे मला कळलं.

म्हणून हे लिहितो आहे. माझं अक्षर तुला कधीच लागलं नाही. मोहाडीकडच्या शाळेत नोकरीला लागल्यावर मी घरी पहिलं पत्र पाठवलं, तर तू ते भाऊच्या हातात देऊन म्हणालीस, "गुरुजीचं अक्षर असं हाय, त पोरायचं काय होत असन?" दिवाळीला आलो तेव्हा मायसमोर पुन्हा तेच ऐकवलंस. तेव्हा वाचायची खटपट करू नकोस. गवत कापता कापता ऐकायचीस तसं ऐक.

तू आमच्या घरी आलीस ते आणीबाणी उठली त्या वर्षी. मी तुझा धाकटा दीर, साकोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, आणि डोक्यात धावण्याचं येड. दिवाळीनंतर आपल्या गावच्या मंडईची जत्रा भरते, तेव्हा दंडारीचा नाच आणि नाटकाच्या आधी, दुपारी, पहाडीची दौड असते. तलावाजवळच्या मारुतीच्या ओट्यापासून निघायचं, पहाडीच्या माथ्यावर जायचं आणि परत ओट्याला हात लावायचा. कुणी अर्ध्यातून परत फिरू नये म्हणून माथ्यावर मंडई भरवणाऱ्या मंडळाचा एक माणूस गुलाल घेऊन बसलेला असतो. कपाळाला गुलाल नसेल तर धाव बाद. पहिल्या नंबराला पाणी भरायचा पितळी गुंड. आजूबाजूच्या सात-आठ गावांतली पोरं येत. त्या वर्षी मी सगळ्यांच्या पुढं सुटलो. अर्धी पहाडी जोरात चढलो, मग कमरेवर हात आले, मग तोंडाला फेस आला, आणि उतरून ओट्याशी पोचलो तो सातवा. पोचल्या पोचल्या सगळ्या गावासमोर ओकलो.

तू नवी नवरी. बायकांबरोबर तलावाच्या पाळीवर उभी राहून डोईवरच्या पदराखालून हे सगळं पाहिलं असणार. घरी कुणी काही बोललं नाही. माय गप्प, भाऊ तर गप्पच. तू ताटात भात वाढत होतीस, आणि अगदी हळू आवाजात विचारलंस, "भाऊजी, तुमी पहाडी चढत होते का तिच्यासंग भांडत होते?"

मी ताटावरून उठलो. इतका राग मला आजवर कुणाचा आला नसेल. चार दिवस तुझ्याशी बोललो नाही, आणि तू त्या चार दिवसांत रोज माझ्या ताटात वरणावर जरा जास्त तूप सोडत राहिलीस. पाचव्या दिवशी मीच विचारलं की मग चढायचं कसं, तुम्हीच सांगा.

तुझं माहेर नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. घरामागंच पहाड. जळणाची मोळी डोक्यावर घेऊन तू दहा वर्षांची असल्यापासून तो पहाड चढ-उतर करत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर सुनेच्या माहेराबद्दल आमच्या घरात विचारलं जायचं ते फक्त धान कसं झालं एवढंच.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि आपण सुरू केलं. बैलांसाठी गवत कापायला तू रोज पहाटे पहाडीच्या पायथ्याशी जायचीस, त्यामुळे मायला सांगायला कारण तयार होतं. पहिले आठ दिवस तू मला धावूच दिलं नाहीस. चालत चढायला लावलंस, तेही छोटी छोटी पावलं टाकत. मी मान वर करून माथा किती राहिला ते पाहिलं की खालून ओरडायचीस, "वर काय पाह्यता जी, थे काई पळून नाई जात. पायाकडे पाहा." मग एका सकाळी म्हणालीस, "आता धावा." मी चढलो, उतरलो, आणि मोठा पराक्रम केल्यासारखा तुझ्यासमोर उभा राहिलो. तू विळा खाली ठेवलासुद्धा नाहीस.

"एकदा चढनं म्हंजे चढनं नाई, भाऊजी. एकदा त बैल बी चढते. उतरून पुन्यांदा चढा. मंग अजून एकदा. पाचव्या खेपेले पाय खरं बोलते."

माझे पाय तिसऱ्याच खेपेला बोलले. पण ते ठरून गेलं. रोज तेच चढ, पुन्हा पुन्हा. किती, हे मोजायला तू रोज नाल्यातले नवे गोल दगड काढून आणायचीस, मुठीत मावतील असे, बारा. एका फेऱ्याला एक दगड हातात घ्यायचा, माथ्यावर नेऊन ठेवायचा, रिकाम्या हातानं उतरायचं, दुसरा घ्यायचा. पायथ्याचे बारा संपले की सुट्टी. दगड कशाला, बोटं मोजली असती, असं मी म्हणालो, तर तू म्हणालीस की हात रिकामे असले की माणूस हवेत पोहायला लागतो. ते खरं होतं. दगड धरला की हात फडफडत नसे आणि श्वास आपोआप बसत असे.

पुढं नोकरी लागल्यावर शाळेनं मला खेळाच्या शिबिराला नागपूरला धाडलं. तिथं शिट्टी गळ्यात घातलेल्या एका सरांनी फळ्यावर चढाची आकृती काढली, वर-खाली बाण काढले आणि 'हिल रिपिट' या नव्या पद्धतीबद्दल तासभर सांगितलं. मला हसू आवरेना. सरांनी वर्गाबाहेर काढलं. घरी येऊन तुला सांगितलं तर तू गंभीरपणे विचारलंस, "त्याईच्या हिलले दगड किती लागते?" मी म्हणालो, दगड नाही लागत. "मंग मोजते कसे? तोंडानं?" एवढं म्हणून तू पाण्याला निघून गेलीस, आणि मी तिथंच खाली मान घालून बसलो. का, ते तुला ठाऊक होतं, हे मला काल कळलं.

मी तुला आधी 'तुमी' म्हणायचो. एकदा नवव्या फेऱ्याला तू खालून काहीतरी सांगत होतीस आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वयनी, तू चूप बस ना जरा." मग मीच घाबरलो. तू मात्र इतकी हसलीस की विळा ठेवून खाली बसलीस. तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस. तू स्वतः मात्र शेवटपर्यंत 'तुमी'वरून हलली नाहीस. मी गुरुजी झालो, टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी भाऊजी आणि तुमी.

त्या वर्षी माझा तिसरा नंबर आला. खरी गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची.

कारण सांगायला मोठं काही नाही. साकोलीत नवे दोस्त झाले होते. आठची एसटी पकडली की कॉलेजच्या आधी स्टँडवरच्या हॉटेलात अर्धा तास बसायला मिळायचं, तिथं ट्रान्झिस्टरवर गाणी असत, चहा असे. बारा फेरे पूर्ण केले की ती गाडी सुटायची आणि नऊच्या गाडीनं जावं लागायचं. पहाडीचा मधला टप्पा पायथ्यावरून ऐनाच्या आणि धावड्याच्या झाडांत दडतो, आणि गवत कापताना तुझी पाठ दगडांकडं असायची. एक दिवस मी दोन दगड घेतले. एक हातात, एक चड्डीच्या खिशात. कुणाला काही कळलं नाही. मग रोजच. चार फेरे एकेका दगडाचे, चार फेरे दोन-दोन दगडांचे. दगड बारा, फेरे आठ.

खाली येऊन सांगायचो, "झाले बारा."

तू माझ्याकडं पाहायचीस, मग गवताकडं. "बरं," म्हणायचीस. "जा. गाडी चुकन."

मी जायचो. मंडईपर्यंतचे शेवटचे तीन आठवडे हे असं चाललं. त्या दिवसांत माय रोज संध्याकाळी कुरकुरायची. सून सकाळची जाते ती ऊन चढेपर्यंत येत नाही, आणि आणते काय तर एवढंसं गवत, बैल उपाशी ठेवते. तू चुलीपुढं बसून ऐकून घ्यायचीस. मी पण तिथंच पुस्तक उघडून बसलेला असायचो. तुझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, तीही मी पाहिली होती. विचारलं नाही. कॉलेजात जाणाऱ्या पोराला त्याच्या परीक्षेपलीकडं काही दिसत नसतं, अशी मी माझी समजूत घालून ठेवली आहे, पण ती काही खरी नाही. मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

आणि मंडईच्या दौडीत मी पहिला आलो. ओट्याला माझा हात लागला आणि त्याच्या मागोमाग शेजारच्या गावच्या पोराचा. एका हाताचं अंतर. लोकांनी मला उचलून घेतलं. मी पाळीकडं पाहिलं; तू तोंडाला पदर लावून उभी होतीस, आणि रडते आहेस की हसते आहेस ते मला तिथून कळलं नाही. गुंड मी तुझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून तू तो घेऊन पाण्याला जाऊ लागलीस, आणि विहिरीवर, धानरोवणीच्या बांधीत, लग्नाघरी, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगू लागलीस, "आमच्या भाऊजीनं रोज बारा दगड वाह्यले. एक दिवस अकरा नाई केले." दर वेळी मी ठरवायचो की आज हिला सांगून टाकू. मग तू म्हणायचीस, जेवा भाऊजी, आणि मी जेवायचो.

त्या गुंडाच्या जोरावर मी एक शहाणपणा केला होता, तो आठवतो का? पुढच्या मंडईला बायकांची पण दौड ठेवा म्हणून मंडळाला अर्ज लिहिला. मंडळाच्या लोकांनी तो मोठ्यानं वाचला आणि पोट धरून हसले. मी चिडून घरी आलो आणि तुला म्हणालो, निदान तू तरी नाव दे, बाकीचं मी बघतो. तू तांदूळ निवडत होतीस. हात थांबला. बराच वेळ तू सुपातल्या तांदळाकडं बघत राहिलीस.

"मले धावून कोनाले दाखवाचं हाय?" म्हणालीस.

मला वाटलं, तुला आवड नाही. धावायला शिकवणं वेगळं आणि स्वतः धावणं वेगळं, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

आणि मग ते माथ्यावरच्या देवाचं भांडण. ते तर आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. दोन वर्षांचे माझे दगड वर साचले होते. पहाडीवरचा दगड लाल आणि टोकदार, आपले नाल्यातले काळे आणि गुळगुळीत, त्यामुळे लांबून उठून दिसत. गुंड मिळाला त्या वर्षी तो ढीग भराभर वाढला. मी जेवढे ठेवायचो त्यापेक्षा जास्त वाढला. मला वाटलं गुरं राखणारे गायकी गमतीनं टाकत असतील. गायक्यांना वाटलं दगड आपोआप वाढून राहिले. दगड आपोआप वाढतो म्हटल्यावर आपल्या लोकांना दुसरं काय सुचणार? पौषात कुणीतरी शेंदूर लावला. माघात नारळ फुटला. होळीपर्यंत तिथं नवस बोलले जाऊ लागले.

मी तेव्हा बीएच्या शेवटच्या वर्षाला, विज्ञानाची दोन पुस्तकं वाचलेला. मी म्हणालो, गावसभेत सांगतो, हा देव नाही, हे माझ्या पायाचे दगड आहेत. तू इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणालीस, "कायले सांगता? कोनाचं काय जाऊन रायलं? दमलेला मानूस वर जाते, हात जोडते, दोन घटका बसते."

"पण खोटं आहे ना ते, वयनी. दगड माझे आहेत."

"सारे तुमचेच होत काय?" तू शांतपणे विचारलंस. "मोजले?"

मला वाटलं तुला माझ्या चोरीचा सुगावा लागला आणि आता तू विषय काढणार. तू काही काढला नाहीस, आणि मी देवाचा विषय त्या दिवसापुरता सोडून दिला. नंतर दर दिवाळीला काढायचो. दर दिवाळीला तू तेवढंच विचारायचीस आणि मी तसाच विषय सोडून द्यायचो. तुला त्यात किती मजा येत असेल, ते आता कळतं.

यंदा पोळ्यानंतर तुला ताप आला तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. या दिवसांत आपल्याकडं कुणाला ताप येत नाही? पण तो डोक्यात गेला. मला तार मिळाली, मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तू शुद्धीवर होतीस आणि खूप अशक्त. भाऊ औषध आणायला खाली गेला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि ठरवलं की आता सांगायचं. म्हणालो, "वयनी, तुला एक सांगायचं होतं. गुंड मिळाला त्या वर्षीचं."

तू डोळे उघडलेस. "औंदा मंडई कवा हाय, भाऊजी?"

मी सांगितलं.

"पोट कमी करा मंग," तू म्हणालीस. "लोक हासन." आणि पाणी मागितलंस. मी पाणी पाजलं. तेवढ्यात भाऊ आला. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस; दुसऱ्या दिवशी सकाळी तू नव्हतीस. तेरा दिवस मी मनाशी एकच धरून होतो, की मी तिला सांगितलं नाही, ती खोट्या गोष्टीचा अभिमान बाळगून गेली. लोक तुझ्या फोटोला हार घालत होते आणि मला त्या कोपऱ्यातल्या गुंडाकडं बघवत नव्हतं.

काल मांडव सोडल्यावर भाऊ घराच्या ओट्यावर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तुला सांगायचं राहिलं ते त्याला तरी सांगावं म्हणून म्हणालो, "भाऊ, गुंड मिळाला त्या साली मी बारा फेरे करत नव्हतो रे."

"मले मालूम हाय," भाऊ म्हणाला.

"तुले कोनं सांगतलं?"

"तिनं. तुह्या एका फेऱ्यात तिची गवताची एक पेंढी होये. बारा पेंढ्या झाल्या का भारा बांधे. थ्या साली तू म्हने झाले बारा, अन तिच्या पेंढ्या आठच."

मी विचारलं, "मले बोलली काहून नाई?"

"मी बी तेच म्हनलं तिले. त म्हने, मी साऱ्या गावाले बारा सांगून बसली. आता बारा झालेच पायजे." भाऊनं पायरीवरचा एक काडीचा तुकडा उचलला, मोडला. "तू गाडीले गेला का थे नाल्यातून चार दगड काढे. एकेक करून वर नेये. राह्यलेले चार फेरे. रोज."

म्हणून तुला उशीर व्हायचा. म्हणून गवत कमी पडायचं. मी साकोलीच्या स्टँडवर चहा पीत गाणी ऐकत होतो तेव्हा तू माझे फेरे करत होतीस, आणि संध्याकाळी त्यासाठी मायची बोलणी खात होतीस, आणि मी समोर पुस्तक धरून बसलेला. मी भाऊला म्हणालो, मी चोर आहे. अजून बरंच काही म्हणालो. रडलोही. भाऊनं सगळं होऊ दिलं.

"मी एक दिवस पाहाले गेलतो," मग तो म्हणाला. "एवढा उशीर कायचा होते म्हनून. पाळीवर उभा रायलो. लुगडं वर खोचलं होतं तिनं, हातात दगड. मले वाटलं चढत असन." तो थांबला. भाऊला इतकं सलग बोलायची सवय नाही. "चढत नव्हती रे. धावत होती. खालपासून माथ्यापर्यंत. उतरे, दुसरा दगड घेये, अन पुन्यांदा. हासत होती एकटीच."

"तू कदी सांगतलं नाई मले. तिले बी नाई?"

"तिले सांगतलं असतं त लाजली असती. मंग धावली नसती." भाऊ उठला. धोतराला लागलेली माती झटकली. "तुह्यापेक्षा चांगली धावे. अन रडू नको आता. तू चोरी केली म्हनून त तिले धावाले भेटलं."

एवढं बोलून तो गोठ्यात गेला. वयनी, दहा वर्षं त्यानं हे कुणाला दिलं नव्हतं, आणि काल मला दिलं. मी ओट्यावर बसून राहिलो. सुपातल्या तांदळावर थांबलेला तुझा हात मला दिसत होता. मी तुला नाव दे म्हणालो होतो, आणि तू बराच वेळ विचार केला होतास. तेव्हा मी अजून एकदा विचारायला हवं होतं. दोनदा, तीनदा विचारायला हवं होतं. पाचव्या खेपेला पाय खरं बोलतात हे तूच शिकवलं होतंस, आणि माणसाला विचारताना मी पहिल्याच खेपेला थांबलो.

आज पहाटे पहाडीवर गेलो. नाल्यातून चार दगड काढले आणि पायथ्याशी ओळीत ठेवले. गवत कमरेएवढं वाढलं आहे, अजून ओलं. शेजारच्या सदाशिवची बायको सुमन तिथं गवत कापत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, तेरवीच्या घरचा माणूस म्हणून काही विचारलं नाही, आणि पुन्हा कापायला लागली.

पहिला दगड घेतला. छोटी पावलं. पायाकडं नजर. ऐनाच्या झाडांपाशीच दम लागला; तुझं म्हणणं बरोबर होतं, लोक हसतील. माथ्यावर ढीग आता माझ्या छातीएवढा आहे, वरचे दगड शेंदरानं लाल आणि खालचे मूळचे काळे. मी त्यात माझे कुठले आणि तुझे कुठले ते शोधायचा प्रयत्न केला. नाही ओळखता आले. कुणाची तरी अगरबत्ती जळून गेली होती. मी दगड ठेवला आणि, तुला आवडेल म्हणून सांगतो, हात जोडले. दोन घटका बसलोही. आपलं भांडण त्यात मिटलं असं समज.

दुसरा नेला. तिसरा नेताना पोटऱ्या इतक्या भरून आल्या की दोनदा झाड धरून उभा राहिलो. तिसऱ्यांदा खाली उतरलो तो लटपटतच, आणि पायथ्याच्या दगडावर मटकन बसलो. श्वास छातीत मावत नव्हता. ऊन वर आलं होतं, दहाच्या गाडीनं मला मोहाडीकडं निघायचं होतं.

"झाले चार," मी मोठ्यानं म्हणालो. कुणाला म्हणालो ते तुला सांगायला नको. आणि तीनच झाले होते हे मला ठाऊक होतं, वयनी. सवय, दुसरं काय.

सुमनचा विळा थांबला. तिनं वळून आपल्या मागं मांडून ठेवलेल्या पेंढ्यांकडं पाहिलं.

"तीनच झाले जी, गुरुजी," ती म्हणाली.

मी तिच्या पेंढ्या पाहिल्या. तीन होत्या. ती चौथीच्या गवताला हात घालून माझ्या उठण्याची वाट पाहत होती. मी उठलो, ओळीतला शेवटचा दगड उचलला, आणि चढायला लागलो.